उंबऱ्यावरचं माप

१

शाहू महाराजांच्या अमदानीत, शाहूपुरीची गुळाची पेठ नुकती कुठे बाळसं धरत होती त्या दिवसांत, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत तवनाप्पा मगदूम नावाचे एक पेन्शनर राहत. दरबारच्या मोजणी खात्यात त्यांचा जन्म गेला. लोकांची शेतं मोजली, बांध मोजले, भावाभावांची भांडणं मोजून मिटवली, आणि नोकरी सुटली तरी मोजायची खोड काही सुटली नाही. पेठेत सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि पाठीमागे थोडं हसत.

हसण्यासारखं होतंच. माणसं म्हातारपणी देवाला लागतात, आप्पा मापांना लागले. धान्य मोजायची जुनी मापं ते गोळा करत. तेव्हा गाव बदललं की शेर बदलायचा. कागलचा शेर आणि पन्हाळ्याचा शेर एकमेकांना ओळखसुद्धा द्यायचे नाहीत. आप्पांच्या मधल्या खोलीत भिंतीभर फळ्या होत्या आणि त्यांवर लाकडी, पितळी, लोखंडी शेर, मापटी, चिपटी ओळीनं मांडलेली. प्रत्येकाचा व्यास घ्यायचा, खोली घ्यायची, हिशेबानं घनफळ काढायचं आणि मग तांदूळ भरून ताडून बघायचं. दोन्ही जुळलं की आप्पांना पोटभर जेवल्याचं समाधान मिळे.

मग त्या मापावर एक ओवी करायची. तीन चरण आप्पांना झटक्यात सुचत, चौथा अडायचा. ओवीचा चौथा चरण आखूड, पण कवीचा दम तिथंच निघतो. बायको पद्मावती होती तोवर ही अडचण नव्हती. आप्पा दारालगतच्या सोप्यात बसून तीन चरण मोठ्यानं म्हणत आणि स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, ती चौथा फेकायची. तिला अक्षरओळख नव्हती. तिचा चरण बहुतेक वेळा ‘आधी जेवा’ नाहीतर ‘पाणी भरा’ असलाच असायचा, आणि गंमत म्हणजे तो बरोबर बसायचा.

ती गेली तेव्हापासून आप्पांच्या सगळ्या ओव्या तीन पायांच्या. एकुलती लेक अंजना गारगोटीला दिलेली; ती त्यांना आण्णा म्हणे. वर्षाकाठी एकदा यायची आणि दर वेळी तोच धोशा लावायची.

“आण्णा, चला की माझ्यासंगं. एकटं किती दिस काढणार?”

“मापं कोण बघणार गं?”

“मापास्नी काय वैरण घालायचीय व्हय?”

आप्पा हसण्यावारी नेत. खरं कारण मापं नव्हतीच. घर सोडलं तर पद्मावती उरलीसुरली आहे तीही सुटेल, ही भीती. एकटेपणानं आपण आतून वाळत चाललोय हे त्यांना रोज कळत होतं, पण लेकीपुढे कबूल करवत नव्हतं.

२

लालासाब कल्हईवाला गावोगाव फिरायचा. भांडी उजळता उजळता कुठं जुनं माप नजरेस पडलं की आप्पांसाठी घेऊन यायचा. त्या दिवशी दुपारी त्यानं झोळीतून एक शेर काढला. सागाचा, वरखाली पितळी कडी.

“भुदरगडाकडं एक घर मोडाय काढलंतं, आप्पा. बाकी सामान लोकांनी न्हेलं. ह्येला तेवढा कोण हात लावंना.”

“का रे?”

“काय ठावं. म्या म्हटलं, आपल्या आप्पांस्नी आवडंल.” लालासाब जायला उठला आणि दारात थांबला. “येक हाय. रिकामं हाय, पर रिकामं वाटत न्हाय बघा ते.”

असली बोलणी आप्पांना मुळीच आवडत नसत. रिकामं म्हणजे रिकामं. त्यांनी व्यास घेतला, खोली घेतली, पाटीवर आकडा मांडला आणि तांदूळ भरायला जागा शोधू लागले. मोजायला जागा सपाट हवी, नाहीतर माप कलतं आणि दाणे फसवतात. कामाच्या बयाबाईनं सकाळी सोपा सारवला होता, तो अजून ओला होता. सपाट आणि कोरडा असा एकच दगड नजरेसमोर होता, दाराचा उंबरा. तो त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला, केसाचाही उतार नसलेला. आप्पा बाहेर कट्ट्यावर बसले, माप उंबऱ्यावर ठेवलं आणि तांदूळ ओतू लागले.

हिशेबाप्रमाणे ते भरायला हवं होतं तेव्हा भरलं नाही. आणखी एक ओंजळ गेली. आप्पांनी सगळं ओतून परत मोजलं. परत तेच. आपलेच डोळे गेले असतील, असं म्हणून ते माप तसंच काठोकाठ भरलेलं उंबऱ्यावर ठेवून गल्लीतल्या आडावर हातपाय धुवायला गेले.

परत आले तर माप आडवं पडलेलं. तांदूळ सगळा आत, सोप्यात सांडलेला.

मांजर, आप्पा म्हणाले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. ओल्या सारवणात एके ठिकाणी दाणे दाबून बसले होते. टाच, तळवा, बोटं. उजवं पाऊल, आत जाणारं. त्याच्यापुढं दुसरं पाऊल नव्हतं. जमीन भिंतीपर्यंत ओली होती, म्हणजे दुसरं उठायला हवं होतं. आप्पांनी वाकून सगळा सोपा धुंडाळला, मग सवयीप्रमाणे खाकरले, आधी दोनदा, मग घशातल्या घशात थोडं, आणि कंबर धरून उभे राहिले.

३

धुण्याभांड्याला येणारी बयाबाई तोंडाची फटकळ. दारातच तिनं कंबरेवर हात ठेवला.

“ह्ये काय वो आप्पा? उंबऱ्यावर माप? ह्या वयात नवरी आणलीसा व्हय?”

नवी नवरी सासरी येते ती उंबऱ्यावरचं भरलेलं माप उजव्या पायानं आत लवंडून. हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आप्पांच्या मात्र ध्यानात आलं नव्हतं. इतकी मापं हाताळून हाताळून माप म्हणजे त्यांना नुसता आकडा झाला होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात पद्मावतीनं माप लवंडलं, तेव्हासुद्धा हा गृहस्थ किती तांदूळ सांडला त्याचाच अंदाज करत उभा होता.

बयाबाई हसत पुढे आली आणि तिला ते पाऊल दिसलं. तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

“कोण आलतं?”

“कोण येणार? मांजर आलं असेल.”

“मांजराचं पाऊल ह्ये?” ती मागं सरली. “माप मांडलं म्हंजे या म्हटल्यागत हाय, आप्पा. तुमी कुणाला या म्हटलासा?”

“तांदूळ तेवढा झाडून घे, बयाबाई.”

“मी न्हाय झाडायची. तुमचा तुमी भरा.”

आप्पांनी भरला. दिवस नेहमीसारखे जाऊ लागले. सकाळी जैन बस्तीत देवदर्शन, दुपारी मापं, संध्याकाळी पाटीवर आकड्यांचे चौकोन, ज्यांची कुठूनही बेरीज करा, उत्तर एकच यावं. एके दिवशी बयाबाई भांडी घासता घासता म्हणाली, “पावणं कवा आलं?”

“कसले पाहुणे?”

“मग ताटं दोन का खरकटी?”

आप्पांनी बघितलं. दोन होती. आपणच एक चुकून काढलं असेल आणि विसरलो असू, असं त्यांनी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. तांदळाचं मडकं मात्र लवकर तळाला लागत होतं, आणि ते विसरण्यातलं नव्हतं.

४

आप्पांना भीती वाटली का? खरं सांगायचं तर आधी आनंद झाला.

पद्मावती याच उंबऱ्यावरून, असंच माप लवंडून आली होती. एकदा आलेली परत का येऊ नये? आप्पा हिशेबी माणूस, हा हिशेब लंगडा आहे हे त्यांना कळत होतं. पण रिकाम्या घरात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला लंगडा हिशेबसुद्धा पुरतो. त्या दुपारी ते सोप्यात बसले आणि नव्या मापावर केलेले तीन चरण त्यांनी मोठ्यानं म्हटले.

“गोल तोंड, सपाट बूड,
पितळी कडी, सागाचं खोड,
रोज भरलं तरी भूक द्वाड...”

आणि थांबले. आत भांड्याला भांडं लागलं.

“दुसरं पान वाढा.”

चरण बरोबर बसला. आप्पांच्या डोळ्यांना धार लागली. ते उठून आत गेले नाहीत. गेलो आणि कोणी नसलं तर, या धास्तीनं त्यांनी मांडी घट्ट धरून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते दोन पानं वाढू लागले. आपलं जेवून सोप्यात यायचं, ओवी म्हणायची, चौथ्या चरणाची वाट बघायची. तो यायचा. पुढे पुढे तर तिसरा संपायच्या आत येऊ लागला. आवाज बाईचा की पुरुषाचा, कोणी विचारलं असतं तर आप्पांना सांगता आलं नसतं. आपण तिचा आवाज विसरलो, असं ते स्वतःला समजावत, आणि त्याचंच वाईट वाटून घेत.

मग ती संध्याकाळ आली.

मगदुमांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत. जैनाच्या घरचा नेम तो. दिवेलागणीनंतर त्या घरात कोणी घास घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पद्मावती तर शेवटच्या दुखण्यातसुद्धा, दिवस बुडाला म्हटल्यावर औषधाची वाटी परत करायची. आप्पा दिव्यापाशी पाटी घेऊन बसले होते आणि आतून चावण्याचा आवाज आला. सावकाश, मन लावून. कच्चा तांदूळ दाताखाली फुटत होता.

ही पद्मावती नव्हे.

आप्पांनी पाटी खाली ठेवली. ते उठले. मोजणी खात्यातला माणूस, बघितल्याशिवाय लिहीत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना दिसलं ते एवढंच: चुलीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. माप मांडीत. डोक्यावर पदर होता की उपरणं, ते अंधारात कळेना. हात मापात जात होता आणि तोंडाकडे जात होता. मग तो हात थांबला आणि ते खाकरलं. आधी दोनदा, मग घशातल्या घशात थोडं. थेट आप्पांसारखं.

आप्पा खाकरले नव्हते. त्यांनी दार ओढून घेतलं आणि उजाडेपर्यंत सोप्यात भिंतीला टेकून बसले.

५

सकाळी त्यांचा अर्धा राहिलेला चौकोन पाटीवर पुरा झालेला होता. अक्षर त्यांचंच, सातातला तिरपा फराटासुद्धा त्यांचाच. कुठूनही बेरीज केली तरी उत्तर चुकत नव्हतं. त्यांचा चष्मा चुलीपाशी सापडला.

आणि त्याच सकाळी लालासाब गल्लीतूनच ओरडला, “आप्पा, गारगोटीस्नं ताईंची गाडी निघालीया, वाटंत मुक्कामाला भेटल्या. आज दुपारपत्तुर पोचत्यात. औंदा न्हेल्याबिगर जायची न्हाय म्हणत्यात!”

आता मात्र वेळ उरला नव्हता. आपलं काय व्हायचं ते होवो, पण अंजना या घरात येणार, त्या चुलीपाशी बसणार. तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवावी म्हटलं, तर सांगणार काय? ती म्हणेल आण्णांना भ्रम झाला, आणि आत काय आहे ते बघायला सगळ्यांत आधी तीच जाईल. लहानपणापासून तशीच ती. ती यायच्या आत घर मोकळं व्हायला हवं होतं.

आप्पा शांतपणे विचार करू लागले आणि त्यांना मार्ग सुचला. बेरीज उलटी केली की वजाबाकी होते. आत लवंडून आलेलं बाहेर लवंडून जाईल. इतकं सरळ गणित होतं की त्यांना आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

त्यांनी माप भरलं. आज ते बरोबर हिशेबाइतकंच भरलं, एक दाणा जास्त मागितला नाही. आप्पांना तेवढ्यातही बरं वाटलं. ताडून पाहायला जरा थांबले असते तर माप आता खरोखरच रिकामं झालंय, आतलं केव्हाच घरात उतरलंय, हे कदाचित लक्षात आलं असतं, पण त्यांचा कान गाडीच्या घुंगरांकडे होता. त्यांनी माप उंबऱ्यावर ठेवलं, स्वतः आत उभे राहिले, तोंड गल्लीकडे केलं.

“जा बाबा,” ते म्हणाले. “जिथनं आलास तिथं जा.”

आणि उजव्या पायानं माप बाहेर लवंडलं.

तांदूळ कट्ट्यावर पसरला. आप्पा श्वास धरून थांबले. अंगाजवळून काही गेलं नाही. वारा नाही, सावली नाही. मग त्यांनी खाली बघितलं. मापाबरोबर त्यांचा उजवा पाय उंबरा ओलांडून कट्ट्यावर, तांदळात पडला होता. माप जो लवंडतो तोच उंबरा ओलांडतो. लग्नात काय आणि कुठं काय, रीत तीच. डावा पाय आत ठेवायला हवा, असं त्यांच्या मनात आलं, पण तो उजव्याच्या मागोमाग बाहेर आलेला होता.

पाठीमागे कोणीतरी दार ओढून घेतलं. मुळीच घाई न करता आतून कडी लावली.

६

आप्पांनी दार ढकललं, ते हललं नाही. हाका मारल्या. समोरून लालासाब आला, एरवी दहा पावलांवरून सलाम करणारा माणूस, आणि कट्ट्याकडे न बघता निघून गेला. बयाबाई पाण्याला चालली होती. ती मात्र सांडलेला तांदूळ बघून थबकली, तोंडाला पदर लावला आणि झपाझप पुढे गेली.

मग गाडी आली. अंजना उतरली, लुगड्यावरची धूळ झटकली.

“अंजना! आत जाऊ नकोस. बाळ, इकडे बघ!”

“आगं बाई, तांदूळ कुणी सांडला ह्यो?” ती स्वतःशीच म्हणाली. दाण्यांवर पाय पडू नये म्हणून जपून कडेनं चालली, आप्पांच्या अगदी अंगावरून. तिनं कडी वाजवायच्या आत दार उघडलं.

“आण्णा! केवढं वाळलासा वो!”

“ये की, बाळ.”

तो त्यांचाच आवाज होता, फक्त त्यात म्हातारपणाची थरथर नव्हती.

आप्पा खिडकीशी उभे राहिले. आतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. अंजनानं सासरच्या गोष्टी सांगितल्या, म्हैस व्यायली ते सांगितलं, आणि मग नेहमीचं बोलणं काढलं, नकार येणार हे धरूनच. “आण्णा, औंदा तरी चला. मला तिकडं झोप लागत न्हाय तुमच्या काळजीनं.”

“येतो की.”

आत वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग अंजना रडू लागली, लहानपणी हरवलेली बाहुली सापडल्यावर रडली होती तशी. आप्पांना बाहेर उभ्या उभ्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिनं पदर पसरून मागितलं ते एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्यांना कधी देता आला नाही, आणि ह्यानं सहज दिला.

दिवस बुडाला. आत दिवा लागला.

“आण्णा, दिवस मावळला की! आता कसं जेवता?”

“भूक लागलीया. तू बी बस. दुसरं पान वाढ.”

“मी? आता?” अंजना हसली, पण तिचं हसू अर्धंच राहिलं. थोड्या वेळानं ताट मांडल्याचा आवाज झाला, आणि मग दोघंजण जेवत असल्याचा.

सकाळी गाडी जुंपली. गाठोडी चढली. फळ्यांवरच्या मापांतलं एकही बरोबर घेतलं नव्हतं. दाराला कुलूप लागलं. उपरणं पांघरलेलं कोणीतरी गाडीत आधीच बसलं होतं, तोंड पलीकडे करून. अंजनानं चाकावर पाय ठेवला.

“अंजना,” आप्पा जिवाच्या आकांतानं ओरडले, “तो मी न्हाय गं!”

ती थांबली. मान वळवून तिनं कट्ट्याकडे बघितलं, सरळ आप्पा उभे होते तिथंच. बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलले. आप्पांनी दोन्ही हात पुढे केले.

“आण्णा,” ती गाडीतल्या माणसाला म्हणाली, “आपलं घर किती रितं वाटतंय वो.”

“रितंच हाय की आता. बस वर.”

ती बसली. गाडी हलली, गारगोटीच्या वाटेला लागली. वळणापाशी गाडीतला माणूस तिला काहीतरी सांगत होता आणि अंजना खळखळून हसली. लग्नानंतर माहेराहून निघताना ती आज पहिल्यांदाच हसत होती.